अन्ननलिकेच्या कॅन्सरची केमो: आधी पोट, मग सलाईन

आधी भाकरी अडकते, मग भात, मग पेजही थांबून थांबून उतरते. पाणी अडकायला लागलं की घरचे धावपळ करतात. एन्डोस्कोपी, बायोप्सी, सीटी किंवा पेट स्कॅन होऊन फाईल तयार होईपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे जातात, आणि त्या काळात पेशंट चहा-बिस्किटावर किंवा नुसत्या शहाळ्यावर असतो. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये केमोमुळे खाणं सुटतं. इथे मात्र पेशंट केमोला येतो तोच उपाशी. म्हणून ‘पहिला डोस कधी?’ हे विचारण्याआधी ‘आज पोटात किती गेलं?’ हे विचारा. केमो अर्धवट सुटते त्यामागे बऱ्याचदा उतरलेलं वजन असतं.

कोणती केमो आणि का

आपल्याकडे या आजारात स्क्वॅमस प्रकार (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर) जास्त दिसतो. तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होणारा अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) वेगळा. तो जुन्या अॅसिडिटीशी आणि लठ्ठपणाशी जोडलेला आहे. बायोप्सीच्या कागदावर यातला कोणता शब्द आहे ते आधी बघून ठेवा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

गाठ बाहेर पसरलेली नसेल आणि पेशंट ऑपरेशन सोसू शकेल असा असेल, तर स्क्वॅमस प्रकारात साधारणपणे आधी केमो आणि रेडिएशन एकत्र देतात आणि मग ऑपरेशन करतात. नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ नावाच्या अभ्यासातून ही पद्धत आली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, असे पाच आठवडे; त्याच काळात सोमवार ते शुक्रवार रेडिएशन, ज्याला वॉर्डात सगळे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, त्याचे २३ शेक, एकूण ४१.४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). त्या अभ्यासात स्क्वॅमस प्रकारच्या जवळपास निम्म्या पेशंटच्या काढलेल्या अन्ननलिकेत जिवंत कॅन्सर सापडलाच नाही.

ऑपरेशन शक्य नसेल किंवा गाठ मानेजवळ असेल, तर शेक वाढवून बहुधा ५०.४ ग्रे, २८ शेक, देतात आणि तोच मुख्य उपचार ठरतो. अॅडिनोकार्सिनोमात हल्ली ‘फ्लॉट’कडे कल आहे. चार औषधं (त्यात फ्लोरोयुरॅसिल आणि ऑक्सॅलिप्लॅटिन), दर दोन आठवड्यांनी, ऑपरेशनआधी चार सायकल आणि नंतर चार. जर्मनीत झालेल्या ‘इसोपेक’ अभ्यासात फ्लॉट घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ६६ महिने भरलं, तर क्रॉस पद्धत घेतलेल्यांचं ३७ महिने. पण हा आकडा फक्त अॅडिनोकार्सिनोमाचा आहे. तो दाखवून स्क्वॅमसच्या पेशंटसाठी फ्लॉटचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

इथून पुढे मुख्यतः दर आठवड्याच्या केमो-शेकाबद्दल लिहिलं आहे. फ्लॉट आणि पंप यांचं वेगळं जे आहे ते जागच्या जागी येईल.

नळीचा निर्णय पहिल्याच भेटीत

पातळ पदार्थसुद्धा नीट उतरत नसेल किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर केमोआधी अन्न देण्यासाठी नळी घालण्याबद्दल डॉक्टर बोलतील. ‘अजून थोडं जातंय, बघू’ म्हणून टाळाटाळ करू नका. शेक सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अन्ननलिका आतून सोलवटते, आणि आज जे थोडं जातंय तेही बंद होतं. तेव्हा सुजलेल्या, दुखऱ्या अन्ननलिकेतून नळी घालणं पेशंटलाही त्रासाचं आणि डॉक्टरांनाही अवघड.

पर्याय मुख्यतः दोन. नाकातून जठरात जाणारी राइल्स ट्यूब, आणि पोटावर छोटं ऑपरेशन करून लहान आतड्यात बसवलेली नळी, म्हणजे जेजुनोस्टोमी. फाईलवर तिला ‘एफजे’ लिहितात. स्टेंटचं (अन्ननलिका आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचं) नाव नातेवाईक बरेचदा आपणहून काढतात, कारण शेजाऱ्याला स्टेंट टाकल्यावर तो जेवायला लागलेला असतो. पण ऑपरेशनची आशा असलेल्या पेशंटला शेकाआधी स्टेंट शक्यतो टाळतात. गाठ आक्रसली की स्टेंट खाली सरकतो, छिद्र पडण्याचा धोका वाढतो आणि पुढचं ऑपरेशन किचकट होतं.

राइल्स ट्यूब बसवल्यावर नाकपुडीशी ती जिथे बाहेर येते तिथे मार्करने खूण करून घ्या. प्रत्येक फीडआधी (फीड म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न) ती खूण बघायची. खूण दोन बोटं बाहेर आली असेल किंवा नळी तोंडात गुंडाळल्यासारखी वाटत असेल, तर फीड द्यायचं नाही, आणि घरी आत ढकलायचीही नाही. गाठीमुळे वाट अरुंद असते. अशा पेशंटला नळी बऱ्याचदा दुर्बिणीतून तारेवर सरकवून घातलेली असते. नाकावरची चिकटपट्टी रोज बदला. आधी त्वचेवरचं तेल कोमट पाण्याने पुसा, नाहीतर घामात पट्टी सुटते आणि रात्री झोपेत हात लागून नळी बाहेर येते.

फीड कसं करायचं

हिशोब सोपा आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या माणसाला १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. शहाळ्याच्या पाण्यातून आणि डाळीच्या वरच्या पाण्यातून हे कधीच भरून निघत नाही. नळीवर असूनही वजन घटतंय, तर बहुतेक वेळा नळीतून नुसतं पाणीच जात असतं.

एका फीडचं प्रमाण असं धरा: फुल क्रीम दूध २०० मि.ली., साय काढलेल्या दुधाची पावडर १५ ग्रॅम (दोन मोठे चमचे), मोड आलेल्या नाचणीचं पीठ १० ग्रॅम, साखर दोन छोटे चमचे, तेल एक छोटा चमचा. यातून सुमारे ३४० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अशी पाच फीड दिली की १७०० कॅलरी आणि ६० ग्रॅम होतात. मधुमेह असेल तर साखर काढा आणि आहारतज्ज्ञाकडून प्रमाण बदलून घ्या. दुधाने जुलाब होत असतील तर सोया दूध किंवा गाळलेलं पातळ ताक वापरून बघा.

नाचणी मोडाचीच हवी, यामागे कारण आहे. साध्या पिठाची पेज घट्ट होते. ती पातळ करायला पाणी घालावं लागतं आणि कॅलरी उतरतात. मोड येताना धान्यात अमायलेज तयार होतं. ते पिठाचा चिकटपणा तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज सरसर वाहते. नाचणी रात्रभर भिजवा, पातळ कापडात बांधून एक ते दोन दिवस मोड काढा, सावलीत वाळवा, मोड चोळून झटका, अगदी मंद आचेवर जेमतेम परता आणि दळून वस्त्रगाळ करा. खरपूस भाजलंत तर अमायलेज मरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. तांदळाची किंवा रव्याची पेज घट्ट झाली असेल तर ती गॅसवरून उतरवा, वाफ जरा कमी होऊ द्या आणि हे पीठ अर्धा चमचा घालून ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत पेज सैल पडलेली दिसेल. मग पुन्हा एक उकळी आणा, म्हणजे जंतूंची चिंता नको. प्रत्येक फीड गाळूनच वापरायचं. फीडमधली एक गुठळीसुद्धा नळी बंद करायला पुरते.

केलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवलेलं त्याच दिवशी संपवा आणि देण्याआधी कोमट करा. थेट फ्रिजमधलं दिलं की पोटात कळ येते.

देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच. आधी ३० मि.ली. पाणी. मग ५० मि.ली.च्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडा, नळीपासून फूटभर वर धरा आणि फीड आपोआप उतरू द्या. २५० मि.ली.ला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकलायची घाई केली की उलटी होते, आणि ती उलटी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया. शेवटी ५० मि.ली. पाणी. त्यानंतर तासभर आडवं व्हायचं नाही.

एफजेचं गणित वेगळं आहे. जठर साठवण करतं, आतडं करत नाही. एका दमात २०० मि.ली. आतड्यात सोडले की पेटके, घाम, जुलाब ठरलेले. तिथे फीड पिशवीतून थेंब-थेंब द्यायचं: सुरुवातीला ताशी २०-३० मि.ली., सोसलं तर हळूहळू वाढवत ताशी १०० च्या आसपास. एफजे बाहेर आली तर जागेवर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी पिशवीत घाला आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, हॉस्पिटल गाठा. वाट पटकन बुजते. नळी बरोबर नेली की तिचा आकार कळतो.

औषधाची गोळी पूड करून १० ते १५ मि.ली. कोमट पाण्यात, प्रत्येक गोळी वेगळी, दोन गोळ्यांमध्ये १० मि.ली. पाणी. फीडमध्ये औषध मिसळायचं नाही. पँटोप्रॅझोलची वरून थर असलेली गोळी आणि ‘एसआर’ लिहिलेली मॉर्फिनची गोळी कधीही कुटू नका. पहिलीचा असर जातो. दुसरीतला बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो, आणि ते जिवावर बेतू शकतं. पर्यायी औषध मागून घ्या. नळी तुंबली तर कोमट पाणी, मोठी सिरिंज आणि हळूवार ओढ-ढकल, एवढंच. तार, सुई, जोर: काही नाही.

एक धोका फार कमी घरांना ठाऊक असतो. आठ-दहा दिवस जवळपास काहीच पोटात गेलेलं नसताना पहिल्याच दिवशी पूर्ण फीड सुरू केलं, तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम एकदम घसरतं. पायांना सूज येते, धाप लागते, हृदयाचे ठोके चुकतात. अशा पेशंटला आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व), मग किलोमागे १० कॅलरीच्या आसपास सुरुवात आणि चार ते सात दिवसांत पूर्ण प्रमाण, रोज रक्त तपासत. म्हणून इतका खंगलेला पेशंट नळी घातल्यावर लगेच घरी नेऊ नका, दोन-तीन दिवस भरती राहू द्या.

पहिल्या डोसाआधीची तयारी

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लिव्हरच्या तपासण्या, साखर, हिपॅटायटिस बी-सी आणि एचआयव्ही. फ्लोरोयुरॅसिल द्यायचं असेल तर ईसीजी-टूडी इको, आणि सोय असेल तिथे डीपीवायडी ही जनुकीय चाचणी. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं विकर कमी असतं आणि नेहमीचाच डोस त्यांना विषासारखा लागतो. सिस्प्लॅटिन असेल तर कानाची तपासणी. किडलेले दात आधीच काढून घ्या. मिश्री लावणं आणि तंबाखू त्या दिवसापासून बंद. शेकाने सोलवटलेल्या जागेवर तंबाखूचा रस म्हणजे आगीत तेल.

डोस कसा ठरतो ते एकदा समजून घेतलं की डे-केअरमधला कागद वाचता येतो. उंची १६० सें.मी., वजन ५० किलो. दोन्हींचा गुणाकार भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ: १.४९ चौ.मी. पॅक्लिटॅक्सेल ५० मि.ग्रॅ. दर चौ.मी., म्हणजे सुमारे ७५ मि.ग्रॅ. कार्बोप्लॅटिन मात्र किडनीवर मोजतात. वय ६०, क्रिएटिनिन ०.८ असलेला पुरुष धरला तर गाळण्याचा वेग मिनिटाला ६९ मि.ली. येतो, त्यात २५ मिळवून दोनाने गुणलं की १८८ मि.ग्रॅ. इथेच एक खाच आहे. खंगलेल्या माणसाचे स्नायू आटलेले असतात, म्हणून क्रिएटिनिन ०.४ दिसतं आणि किडनी तरुणासारखी वाटते. तोच आकडा सूत्रात घातला तर डोस कितीतरी जास्त निघतो. म्हणून बरीच केंद्रं ०.७ किंवा ०.८ पेक्षा कमी आकडा धरतच नाहीत. दर आठवड्याला वजन करून ते कागदावर लिहिलं जातंय ना, हे बघणं घरच्यांचं काम.

डोसाचा दिवस

रक्ताचा रिपोर्ट आदल्या दिवशीच हातात हवा. त्यात एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या) टक्क्याने गुणा. पेशी २४०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के असतील तर ९१२. हा आकडा १००० च्या खाली असेल तर डोस बहुधा पुढे ढकलतील. त्याने खचून जाऊ नका. पाचातला एखादा केमोचा डोस हुकला तर चालतं. शेक मात्र डॉक्टरांनी थांबवल्याशिवाय चुकवायचे नाहीत. लग्न, सण, ‘अशक्तपणा वाटतोय’ म्हणून मध्ये आठवडाभर खंड पडला, तर त्या काळात उरलेल्या कॅन्सरपेशी वाढून घेतात.

आधी डेक्सामेथासोन, अॅलर्जीविरोधी आणि अॅसिडिटीचं इंजेक्शन, मग तासभर पॅक्लिटॅक्सेल, त्यानंतर कार्बोप्लॅटिन. पॅक्लिटॅक्सेल ज्या एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात विरघळवलेलं असतं, त्याचीच अॅलर्जी बहुतेक वेळा उठते, आणि तीही पहिल्या किंवा दुसऱ्या डोसाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. चेहरा लाल होणं, छाती आवळणं, धाप, कंबरेत अचानक कळ. पेशंटला आधीच सांगून ठेवा की यातलं काहीही झालं तर लगेच हात वर करायचा, सोसत बसायचं नाही. तेवढी पंधरा मिनिटं नातेवाइकाने फोनवर बोलायला बाहेर जाऊ नये. या औषधाला साधा सलाईन सेट चालत नाही, पीव्हीसी नसलेला आणि बारीक फिल्टरचा लागतो. औषधं बाहेरून आणायला सांगितली असतील तर यादीत तो सेट आहे का ते दुकानातच तपासा. सुईच्या जागी जळजळ किंवा फुगवटा आला तर त्या क्षणी सिस्टरला बोलवा.

डेक्सामेथासोनमुळे त्या रात्री झोप लागत नाही आणि साखर वाढते. मधुमेही पेशंटची साखर पुढचे दोन दिवस घरी तपासा.

उलटीचं औषध उलटी व्हायच्या आधी द्यायचं असतं. या पेशंटला एक उलटी म्हणजे नळी बाहेर. ऑन्डान्सेट्रॉनने मळमळ थांबते पण शौचाला घट्ट होते. चौथ्या दिवशी पोट फुगून पुन्हा मळमळ सुरू झाली, तर बरेचदा कारण बद्धकोष्ठता असतं. सिस्प्लॅटिनसारख्या जड औषधासोबत रात्री ओलान्झापिन देतात. चिठ्ठीवरचं नाव इंटरनेटवर शोधून ‘हे तर मानसिक आजाराचं’ म्हणून गोळी परस्पर बंद करणारे नातेवाईक थोडे नाहीत. ती उलटीवरचीही उत्तम गोळी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० मि.ग्रॅ.ऐवजी २.५ मि.ग्रॅ.नेही उलटी तितकीच आवरली आणि गुंगी कमी आली. गुंगी फार येत असेल तर डोस कमी करता येतो का, हे विचारा.

ताप

काखेत किंवा तोंडात १००.४ फॅरनहाइट. हा आकडा फ्रिजच्या दारावर लिहून लावा. पेशी कमी असताना ताप हे एकमेव लक्षण असू शकतं, कारण पू आणि सूज तयार करायला लागणाऱ्या पेशीच नसतात. आधी क्रोसिन देऊन ‘उतरतो का बघू’ हे करू नका. ताप झाकला जातो, जंतू वाढत राहतात. आधी मोजा, वेळ लिहा, निघा. डेक्सामेथासोन चालू असेल तर ताप न येता नुसती हुडहुडीही भरू शकते. तीही ताप समजा.

रात्री जवळच्या कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तर पहिलं वाक्य हेच: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, पेशी कमी असू शकतात.’ रक्त घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कंबरेत इंजेक्शन, एनिमा, गुदद्वारातून ताप मोजणं: तिन्हीला नाही म्हणा.

पेशी वाढवायचं इंजेक्शन, ‘ग्रोथ इंजेक्शन’, सरसकट मागू नका. छातीवर शेक चालू असताना ते टाळतात. प्लेटलेट्स आणखी खाली जाऊ शकतात. फ्लॉटमध्ये ते देतात, पण केमो संपल्यावर २४ तासांनी. आणि पेशी वाढाव्यात म्हणून गव्हांकुराचा, पपईच्या पानांचा किंवा गुळवेलीचा रस देऊ नका. न शिजवलेला रस म्हणजे मातीतले जंतू थेट नळीतून पोटात, आणि गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

शेक चालू असताना

पहिले दहा दिवस बरे जातात, काहींना तर गिळायला सोपं वाटायला लागतं. मग छातीच्या हाडामागे जळजळ सुरू होते, घोट घेताना काच उतरल्यासारखं दुखतं. सुक्राल्फेट, आणि जेवणाआधी पंधरा मिनिटं सुन्न करणारं जेल. ते घेतल्यावर घशाची जाणीव कमी होते, म्हणून घास लहान घ्या. तोंडासाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून पाच-सहा गुळण्या. जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग दिसले आणि गिळताना दुखणं एकदम वाढलं तर ती बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं. तिखट, लिंबू, कडकडीत चहा बंद. दुखतंय म्हणून तोंडाने घोट घेणं पूर्ण सोडू नका, पाण्याचे दोन घोट तरी रोज. गिळायचे स्नायू वापरात राहिले पाहिजेत.

पाणी पिताना प्रत्येक वेळी ठसका लागायला लागला तर मात्र तोंडाने सगळं थांबवा आणि त्याच दिवशी कळवा. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलं असण्याची शक्यता असते.

शेकासाठी छातीवर काढलेल्या खुणा पुसू देऊ नका. तिथे हळद, खोबरेल, पावडर काही लावायचं नाही. सुती सैल बंडी बरी. बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात किरण उरत नाहीत, नातवंडांना खुशाल जवळ घ्या. केमोनंतरचे ४८ तास मात्र लघवी, उलटी, घाम लागलेले कपडे हातमोजे घालून हाताळा आणि वेगळे धुवा; संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडा.

पंप आणि ऑक्सॅलिप्लॅटिन

फ्लॉटमध्ये फ्लोरोयुरॅसिल २४ तास पंपातून जातं, त्यासाठी पिक लाईन (दंडाच्या शिरेतून आत नेलेली लांब नळी) किंवा छातीत पोर्ट (त्वचेखालची छोटी डबी) बसवतात. पिक लाईनचं ड्रेसिंग आठवड्यातून एकदा, आणि ती धुवायला सलाईन सोडताना १० मि.ली.चीच सिरिंज; लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, लाईन फाटू शकते. पंप चालू असताना छातीत दुखलं तर क्लॅम्प बंद करा आणि थेट इमर्जन्सी गाठा. या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, चाळिशीतल्या धडधाकट माणसाच्याही. केमोत बर्फ चघळावा असा सल्ला सर्रास फिरतो; ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्याने तो अजिबात पाळू नये. चार-पाच दिवस गार पाणी, फ्रिजचं दार, पहाटेचा वारा, सगळं टाळा, नाहीतर घसा आवळल्यासारखा होऊन श्वास अडकल्यासारखं वाटतं. जुलाब लागले तर ओआरएस आणि लोपेरामाइड: आधी ४ मि.ग्रॅ., मग प्रत्येक जुलाबानंतर २, दिवसाला १६ च्या वर नाही. ताप किंवा रक्त असेल तर गोळी न देता हॉस्पिटल.

आजार पसरलेला असेल तर

तेव्हा शेकाची घाई नसते, आणि स्टेंट हा पहिला चांगला पर्याय ठरतो. स्टेंटनंतर मऊ भात, खिमट, खीर चालेल. भाकरी-चपातीचा कोरडा तुकडा, पाव, मटणाचा तुकडा यांनी तो बंद होतो. स्टेंट जठराच्या तोंडाशी असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा ठेवा, कारण तिथली झडप उघडी राहते. बायोप्सीवर पीडी-एल१, आणि अॅडिनोकार्सिनोमा असेल तर हर-२, या चाचण्या सुरुवातीलाच करून घ्या. इम्युनोथेरपी (पीडी-एल१ बघून) किंवा ट्रास्टुझुमॅब (हर-२ बघून) परवडेल की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी ते लागू पडेल का ते कळू दे. मॉर्फिनची सवय लागेल या भीतीने दुखणं सोसायला लावू नका. मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवसापासून रेचकही सुरू, रोज.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि शेक दोन्ही बसतात. पण मंजुरी उपचार सुरू होण्याआधी लागते. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा कागद घेऊन योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. गावाहून ये-जा असेल तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून भरून घ्या. त्यात बरोबरच्या एका माणसालाही सवलत आहे.

शेवटच्या शेकानंतर

शेवटचा शेक झाला म्हणून त्रास थांबत नाही. गिळतानाचं दुखणं आणखी दोन-तीन आठवडे टिकतं, कधी त्यातल्या पहिल्या आठवड्यात वाढतंही. म्हणून फीडची पाच वेळांची वही तशीच चालू ठेवा आणि सीबीसी दर आठवड्याला करा. साधारण चार ते सहा आठवड्यांनी स्कॅन, मग ऑपरेशनचा निर्णय. त्या मधल्या काळात रोज अर्धा तास चालणं आणि तीन गोळ्यांच्या यंत्रावर दर तासाला दहा वेळा श्वास आत ओढणं, कारण या ऑपरेशनमध्ये छाती उघडली जाते आणि नंतरचा सगळा खेळ फुफ्फुसांचा असतो. तोंडाने खाणं सुरू झालं की नळी काढायचा हट्ट पेशंट धरतोच. तोंडाने रोजच्या गरजेचा तीन चतुर्थांश भाग जातोय आणि सलग दोन आठवडे वजनाचा काटा खाली आलेला नाही, हे वहीत दिसल्यावर तो विषय डॉक्टरांपुढे काढा. ऑपरेशन ठरलेलं असेल तर एफजे तशीच राहू द्या. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस तिच्यावरच निघतात.